मराठी वाहिनी दिसत नाही, म्हणजे बंद झाली का?

आपल्यापैकी अनेक घरांत मराठी वाहिन्या येतात त्या डिशवरून. गल्लीतल्या केबलवाल्याकडे मराठी घरे थोडी असली की तो एखाददुसरीच मराठी वाहिनी ठेवतो. उपग्रहाला मात्र पुणे काय नि इंदूर काय, दोन्ही सारखेच. म्हणून उपग्रहावरच्या जागेचे वाटप हा बृहन्महाराष्ट्रातल्या घरांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

ही जागा मोजकी असते. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला साधारण ४० मेगाबिट माहिती जाते असे धरू. जुन्या एमपेग-२ पद्धतीत साध्या एसडी वाहिनीला ४ मेगाबिट दिले, तर दहा वाहिन्या बसतात. २००३ साली आलेल्या एच.२६४, म्हणजेच एमपेग-४ पद्धतीत तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत मावते. वाहिन्या होतात वीस. २०१३ सालच्या एचईव्हीसीमुळे जागा आणखी निम्म्यावर येऊ शकते.

अडचण एकच. जुन्या बॉक्सला नवी पद्धत उलगडता येत नाही. दूरदर्शनची फ्री डिश सेवा २००४ साली एमपेग-२वर सुरू झाली. पुढे एमपेग-४ आली तरी जुनी पद्धत लगेच काढता आली नाही, आणि प्रसार भारती दोन्ही जागांचा लिलाव वेगवेगळा करू लागली. एमपेग-२ची जागा सगळ्या बॉक्सवर दिसते म्हणून महाग, एमपेग-४ची स्वस्त. बेताच्या उत्पन्नाच्या प्रादेशिक वाहिनीला स्वस्त जागाच परवडणार. पण जुना बॉक्स असलेल्या घरात ती पोहोचतच नाही.

रेकॉर्डिंगचेही असेच आहे. डिशचा बॉक्स सहसा स्वतः चित्र दाबत नाही. आलेले जसेच्या तसे डिस्कवर उतरवतो. सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. एचडी वाहिनी ८ मेगाबिटने आली, तर ५०० जीबीच्या डिस्कवर सुमारे १३८ तास मावतात; २ मेगाबिटची एसडी वाहिनी साडेपाचशे तास. म्हणजे आपल्या डिस्कचा हिशेब दुकानदारापेक्षा प्रक्षेपण करणाराच जास्त ठरवतो. वाचलेल्या जागेत चित्र सुधारायचे की आणखी वाहिन्या कोंबायच्या, हेही त्याच्याच हाती. लावणीत किंवा कबड्डीच्या सामन्यात पडद्यावर चौकटी फुटू लागल्या, तर बहुधा कोंबाकोंब झाली आहे असे समजावे.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवा बॉक्स घेताना तो एमपेग-४ उलगडतो ना, हे आधी विचारावे. पैसे भरून घेतलेल्या सेवेतले रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सला बांधलेले असते, म्हणून जपून ठेवायचा कार्यक्रम केवळ त्याच्या भरवशावर ठेवू नये. आणि एखादी मराठी वाहिनी अचानक नाहीशी झाली, तर ती बंद पडली असे मानण्याआधी शेजारच्या नव्या बॉक्सवर पाहून घ्यावे.