हौसेला मोल नाही, पण माप हवं

मैत्रिणींनो, भर बाजारात एखादी जगावेगळी गाडी आली की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. भाजीवाला तराजू हातात तसाच धरून बघत राहतो. शाळेतून सुटलेली पोरं मागे धावतात. आणि आपल्याबरोबर आलेले आपले ‘हे’ हातातली पिशवी विसरून थेट त्या गाडीपाशी जाऊन उभे राहतात. कधी फटफटीचं हँडल पार खांद्याइतकं उंच केलेलं असतं, कधी जुन्या जीपला ट्रॅक्टरएवढाली चाकं लावलेली असतात, तर कधी व्हॅनच्या पोटात पलंग आणि ओटा बसवून तिचं फिरतं घर केलेलं असतं. आपण मात्र कोथिंबिरीचा भाव करत मनात म्हणतो, “काय एकेकाचं खूळ!”

आज मी या खुळाची थोडी बाजू घेणार आहे. थोडीच हं, सगळी नाही. कारण या हौसेत घरचा पैसा जातो, आणि पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे घरची माणसं त्या गाडीवर बसतात. पण ज्याला नाही म्हणायचं, ते आधी समजून घ्यावं, असं माझं मत आहे. मुलांना शिकवताना हे मी रोज अनुभवते.

तयार पोलकं आणि मापानं शिवलेलं पोलकं यांतला फरक आपल्याला कुणी सांगावा लागतो का? तयार पोलकं सगळ्यांसाठी असतं, म्हणून ते नेमकं कुणालाच बसत नाही. खांद्यात सैल, दंडात घट्ट. शिंप्यानं आपल्या मापानं शिवून दिलं की अंगात घालताच कळतं, हे माझं आहे. कारखान्यातून निघालेली गाडीही अशीच असते. एकासारखी एक, हजारोंनी. ज्याला वेगळी गाडी हवी असते, त्याला खरं तर मापाचं पोलकं हवं असतं.

आणि ही रीत काही आजची नाही. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात श्रीमंत मंडळी गाडी अशीच ‘शिवून’ घेत. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त इंजिन आणि चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा विकत असे. वरची बॉडी गिऱ्हाइकानं वेगळ्या कारागिराकडून आपल्या पसंतीनं बांधून घ्यायची. कापड एका दुकानातून आणायचं आणि शिंपी आपला, तसंच. आपल्याकडे ट्रकच्या बाबतीत ही पद्धत अजूनही दिसते. चॅसी कंपनीतून येते आणि वरचा लाकडी-लोखंडी साज बॉडीवाला चढवतो. मग मागे फुलं, मोर आणि मालकाच्या लेकरांची नावं रंगवली जातात.

या हौसेचा सगळ्यांत अजब नमुना पाहायचा तर १९१० सालच्या कलकत्त्यात जायला हवं. तिथे राहणाऱ्या मॅथ्यूसन नावाच्या एका धनाढ्य गोऱ्या साहेबानं इंग्लंडातल्या ब्रुक कंपनीकडून चक्क राजहंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. पुढे लाकडात कोरलेली हंसाची मान आणि डोकं, डोळ्यांच्या जागी विजेचे दिवे. चोचीतून गरम पाण्याचा फवारा निघे, म्हणजे वाटेतली माणसं बाजूला व्हावीत! एवढ्यावर साहेबाचं समाधान झालं नाही. गाडीच्या मागून चुन्याचं पाणी सांडायचीही सोय केली होती, खऱ्या पक्ष्यासारखी. अहो, रस्त्यात एकच धांदल उडाली आणि पोलिसांनी ती गाडी रस्त्यावर आणायला बंदी केली. पुढे ती पंजाबातल्या नाभा संस्थानच्या महाराजांनी विकत घेतली. आज ती नेदरलँड्समधल्या हेग शहरी लाउमन संग्रहालयात आहे आणि लोक कौतुकानं बघतात.

मला या गोष्टीतलं कोडं असं वाटतं: हंस तोच, संग्रहालयात त्याचं कौतुक होतं आणि रस्त्यात त्यानं गोंधळ घातला, असं का? कारण ती गाडी एका माणसाच्या मापानं केलेली होती. तो आत बसून मजेत, आणि बाहेरचे पायी चालणारे गरम पाण्याच्या फवाऱ्यात. त्यांचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

आता जरा जवळ या. मुलांना घेऊन हैदराबादला गेलात तर चारमिनार आणि सालारजंग पाहालच. त्याबरोबर प्राणिसंग्रहालयाच्या बाजूला बहादूरपुऱ्यात सुधा कार म्युझियम आहे, तेही चुकवू नका. के. सुधाकर या गृहस्थांनी ते २०१० साली उघडलं. त्यांनी शाळेच्या वयापासून भंगारातलं सामान गोळा करून गाड्या बनवल्या. वांग्याची गाडी, बुटाची गाडी, फुटबॉलची, कॅमेऱ्याची, क्रिकेटच्या बॅटची गाडी! महिला दिनासाठी त्यांनी उंच टाचेच्या सँडलची आणि हँडबॅगेची गाडी केली. नुसते देखावे नव्हेत बरं का, त्यांत इंजिन असतं आणि त्या चालतात. २००५ साली त्यांनी ४१ फूट ७ इंच उंचीची तीनचाकी सायकल चालवून गिनीज बुकात नाव नोंदवलं. चार मजली घराएवढी सायकल! पोरं तिथून हलायला तयार होत नाहीत. भंगारातलं लोखंड, वेल्डिंग आणि चिकाटी यांतून काय होऊ शकतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं, आणि कुणाच्या पायाला धक्काही लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सांगली जिल्ह्यातली. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस पुरवायला भंगारातले सुटे भाग जोडून छोटी जीपसारखी गाडी उभी केली. खर्च साधारण साठ हजार रुपये. फटफटीला मारतात तशी किक मारली की ती चारचाकी सुरू व्हायची! डिसेंबर २०२१ मध्ये तिचं चित्रण देशभर पोचलं आणि उद्योगपती आनंद महिंद्र यांनी लोहारांना कळवलं, ही गाडी आम्हाला द्या, त्याबदली नवी बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये तशी अदलाबदल झालीसुद्धा. पण महिंद्रांनी कौतुक करताना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, की ही गाडी नियमांत बसत नाही, म्हणून आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. मला हे फार आवडलं. कारागिराचा मान राखला आणि रस्त्याचा नियमही राखला. आपल्या घरातही असंच करता आलं पाहिजे.

तर आता आपल्या घराकडे वळू या. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा धाकटा दीर नवी फटफटी घेतो आणि महिन्याभरात गॅरेजात जाऊन तिचं रूप पालटायला लागतो. पहिलं काय काढतो, पाहिलंत? मागच्या चाकाशी असलेली जाळी. तिला साडी गार्ड म्हणतात. “दिसायला वाईट दिसतं ग आई,” एवढंच त्याचं कारण. मग मागच्या बसणारीला धरायची दांडी जाते. मग सीट अशी तिरकी करतात की मागे बसणारं माणूस पुढे घसरत राहतं.

मैत्रिणींनो, ही जाळी आपल्यासाठी आहे. पदर, ओढणी, साडीचा काठ चाकात जाऊन किती भयंकर अपघात होतात, हे मी वेगळं सांगायला नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे फटफटीला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. म्हणजे सरकारनं आपलं माप घेतलंय. आणि आपलाच लेक ते पान्यानं खोलून टाकतो! त्याला रागावू नका, पण एवढं नक्की विचारा, “बाळ, तुझी गाडी तू कुणाच्या मापानं करतो आहेस? आजीला दवाखान्यात नेताना ती कुठे बसणार?”

सायलेन्सरचंही तेच. गडगडाट ऐकून त्याला आपण राजे झाल्यासारखं वाटतं, पण शेजारच्या घरात तान्हं मूल दचकून उठतं. अनेक शहरांत पोलिसांनी असे कर्कश सायलेन्सर काढून घेऊन रोड रोलरखाली चिरडले आहेत. पाच-सात हजारांचा सायलेन्सर असा सपाट झालेला पाहण्यापेक्षा आधीच विचार केलेला बरा.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगते, कारण घरात वाद झाला की हे उपयोगी पडतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की, कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय विम्याचं विसरू नका. बदल कंपनीला कळवलेला नसला तर अपघातानंतर भरपाईला नकार मिळू शकतो. पुरुषमंडळींना दंडापेक्षा हे कारण लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

पण थांबा. सगळेच बदल वाईट, असं मात्र मुळीच नाही. याचं उदाहरण मी आठवड्यातून चार दिवस बघते. आमच्या शाळेत एक बाई आहेत. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा एक पाय अधू आहे. पूर्वी त्यांना भाऊ आणून सोडायचा. त्याला वेळ असेल तेव्हा यायचं, त्याला सवड होईपर्यंत फाटकाशी थांबायचं. स्नेहसंमेलनाच्या तालमी असोत की कुणाचं हळदीकुंकू, त्यांचं ठरलेलं उत्तर, “विचारून सांगते.” आता त्यांच्या स्कूटरला मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावून घेतली आहेत. शाळा सुटली की कुबडी कडेला अडकवतात, बटण दाबतात आणि आमच्या आधी निघून जातात. परवा तर मलाच म्हणाल्या, “बसा, कोपऱ्यावर सोडते.” बाजारातून जाताना त्यांच्याही गाडीकडे लोक वळून बघतात. पण त्यांनी ती बघण्यासाठी केलेली नाही, जगण्यासाठी केली आहे.

अशा गाडीला कायद्यात ‘अ‍ॅडॅप्टेड’ वाहन म्हणतात आणि अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी असा बदल करायला कायद्याची मोकळीक आहे. फक्त आरटीओची मंजुरी घेऊन नोंद करून घ्यायची. तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी अशी कुणी मुलगी, सून असेल तर हे तिच्या कानावर जरूर घाला. ‘तिला कशाला गाडी, आम्ही आहोत ना’ असं प्रेमानं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात. पण त्या प्रेमापायी ती फाटकाशी थांबून राहते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मग घरातल्या हौशी माणसाला काय सांगायचं? मी तीन प्रश्न सुचवते. गाडीवर जे जे बसणार, त्या सगळ्यांचं माप यात आहे का? ब्रेक, दिवे, आरसे, जाळी आणि चाकं यांना हात लागतो आहे का? आणि हा बदल आरसी बुकात लिहून घेता येईल का? पहिल्याचं उत्तर नाही किंवा दुसऱ्याचं हो आलं, तर पैसे काढू नका. सीटचं नवं कव्हर, सामानाची चांगली पिशवी, आवडत्या रंगाचं हेल्मेट, एवढ्यावरही पुष्कळ हौस भागते. सगळी गाडीच वेगळ्या रंगात रंगवायची असली तर मात्र आधी आरटीओत चौकशी करायला सांगा, कारण रंगाचीही कागदावर नोंद असते.

आणि मुलाच्या हातात खरंच कसब असेल तर ते दाबू नका. त्याला आयटीआयला वेल्डिंग-फिटिंग शिकू द्या, सुट्टीत चांगल्या मेकॅनिकच्या हाताखाली ठेवा. इंजिनिअरिंगला असेल तर कॉलेजात ‘बाहा’ची चौकशी करायला सांगा. या स्पर्धेत विद्यार्थी गट करून खडकाळ वाटेवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः बनवतात, ती तपासणीला उभी करतात आणि मग आखलेल्या मार्गावर पळवतात. आपल्या देशात ती २००७ पासून होते. तिथे ब्रेक तपासणीत उतरले नाहीत तर गाडी शर्यतीला सोडत नाहीत. आई दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते परीक्षकानं एकदा नापास केलं की पटतं!

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो ते लग्नकार्यात खर्च झाला की. पण माप मात्र हौसेलाही लागतं. शिंप्याकडे जाताना आपण टेप कुणाच्या अंगाला लावायची हे विसरत नाही. गाडीच्या वेळी तेवढं लक्षात ठेवायचं. तेव्हा येत्या रविवारी दारातली फटफटी धुताना मागच्या चाकाकडे एकदा नजर टाका. जाळी नसेल तर आजच बसवून घ्या. काम फार तर अर्ध्या तासाचं आहे.