वाण्याच्या गल्ल्यात बिटकॉइन

मुंबईच्या कित्येक लोकलचे डबे ज्या पेरांबूरच्या कारखान्यात बांधले गेले, तेथून आरक्कोणमच्या लाइनवर काही स्थानके पुढे अंबत्तूर लागते. ही औद्योगिक वसाहत 1964 सालची, बहुतांशी लहान कारखान्यांची. तेथील कामगारांवर चहाच्या टपऱ्या, खानावळी, किराणा दुकाने चालतात. अशा दुकानदारांनाही बिटकॉइन घ्यायला शिकवावे, असे म्हणणारी उत्साही मंडळी आहेत. त्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही.

शिकवणे सोपेच आहे. मोबाइलवर ॲप, भिंतीवर चौकोनी कोड, आणि लाइटनिंग पद्धतीने पैसे काही क्षणांत जमा. प्रश्न त्यानंतरचा आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलरचे बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आले. दुपारच्या जेवणाचे मिळालेले बिटकॉइन विकून खानावळवाल्याला उद्या किती तांदूळ मिळेल? घाऊक व्यापारी आणि घरमालक तर रुपयेच मागणार.

रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ते परिपत्रक रद्द केले. म्हणजे बंदी नाही, पण चलन म्हणून मान्यताही नाही. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. (हा न्याय कोणत्या तराजूचा, ते अर्थखात्यालाच ठाऊक!) ठरावीक मर्यादेपलीकडे 1 टक्का कर कापून भरण्याची कटकट वेगळी. उलट यूपीआयवरचे दुकानदाराचे शुल्क जानेवारी 2020 मध्येच काढले गेले. एल साल्वादोरने 2021 मध्ये दुकानदारांवर बिटकॉइनची सक्ती केली आणि 2025 मध्ये ती मागे घेतली.

यात आमचे काय, असे काही साथी विचारतील. मे 1974 च्या रेल्वे संपात पगार बंद असताना वाण्याच्या वहीवर चूल पेटलेली घरे आमच्यात आहेत. त्या वाण्याचे भांडवल बुडाले, तर पुढच्या वेळी उधारी कोण देणार?

म्हणून शिकवायला येणाऱ्यांना आम्ही विचारतो: रक्कम त्याच क्षणी रुपयांत वळवून देण्याची हमी आणि कराचा हिशेब तुम्ही घेणार का? आमच्या पतपेढ्यांत हिशेब जाणणारे साथी आहेत. त्यांनी आपापल्या नाक्यावरच्या दुकानदाराला हे आकडे कागदावर मांडून दाखवावेत. एवढे कळूनही त्याला कोड लावायचा असेल, तर खुशाल लावू द्यावा.