बंदी घातली कोणी? ‘त्सुनामी’ नावाच्या एका प्रेमगीताची कथा (थ्रेड)

११ मार्च २०११ च्या प्रलयानंतर जपानने ‘सदर्न ऑल स्टार्स’ या बँडच्या ‘त्सुनामी’ या गाण्यावर बंदी घातली, असे विधान समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. ते खोटे आहे. कोणत्याही मंत्रालयाने, न्यायालयाने वा नियामकाने असा आदेश काढला नव्हता. परंतु ‘बंदी नव्हतीच’ एवढे सांगून जपानी प्रसारकांना दोषमुक्त करणारे त्याहून मोठी चूक करतात. आदेश असता तर तो कोणी काढला हे विचारता आले असते.

प्रथम बँडविषयी. तोक्योच्या आओयामा गाकुइन विद्यापीठातील विद्यार्थ्यांमधून हा बँड उभा राहिला. जून १९७८ मध्ये त्याचे पहिले गाणे आले, ‘कात्ते नि शिंदोबाद्दो’. हे शीर्षकच मुळी थट्टा होते. आदल्या वर्षी गाजलेल्या दोन गाण्यांची नावे मोडून ते जोडले होते. गायक आणि गीतकार केइसुके कुवाता समुद्रकाठच्या चिगासाकी गावचा. त्यामुळे उन्हाळा, वाळू आणि लाटा हा या बँडचा कायमचा मुलूख. १९७९ चे ‘इतोशी नो एरी’ दहा वर्षांनी प्रत्यक्ष रे चार्ल्स यांनी इंग्रजीत गायले.

जानेवारी २००० मध्ये ‘त्सुनामी’ आले. सुमारे २९ लाख प्रती खपल्या आणि त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यालाच मिळाला. गाण्यात प्रलय नाही, कोणाचा मृत्यू नाही. एका भित्र्या प्रियकराच्या मनात उसळणाऱ्या एकाकीपणाला दिलेली ती उपमा आहे. (‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोहोचला तो २६ डिसेंबर २००४ नंतर. सानरिकु किनाऱ्यावरच्या लोकांना तो १८९६ आणि १९३३ च्या लाटांनी कधीच शिकवला होता.)

मग मार्च २०११. सुमारे सोळा हजार मृत, अडीच हजारांच्या आसपास बेपत्ता. त्या आठवड्यांत कोणत्याही रेडिओ केंद्राने हे गाणे लावले असते तर तो निर्दयपणा ठरला असता. चिखलातून आप्तांचे देह शोधणाऱ्या माणसाच्या कानावर तो शब्द एका गोड चालीतून अवचित पडू नये, हे सांगायला कोणत्याही नियमावलीची गरज नव्हती. तेव्हाच्या मौनाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वर्षे उलटूनही न संपलेल्या मौनाबद्दल. २०१३ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, पण त्याच्या कार्यक्रमांतही या गाण्याला जागा मिळाली नाही.

जपानीत याला ‘जिशुकु’ म्हणतात: स्वतःहून पाळलेला संयम. सप्टेंबर १९८८ मध्ये सम्राट हिरोहितो अत्यवस्थ झाले तेव्हा या संयमाचे टोक दिसले. गावोगावचे उत्सव रद्द झाले. निस्सान कंपनीच्या एका जाहिरातीत गायक योसुइ इनोउए मोटारीच्या खिडकीतून प्रेक्षकांची खुशाली विचारत असे. त्याचा आवाज काढून टाकला गेला आणि पडद्यावर नुसते ओठ हलत राहिले. सम्राट आजारी असताना ‘बरे आहात ना?’ असे विचारणेही अनुचित! हुकूम कोणाचा? कोणाचाच नाही.

रेडिओचा इतिहास याहून बोलका आहे. जपानच्या खासगी प्रसारकांच्या संघटनेने १९५९ पासून ‘सावधगिरी बाळगावयाच्या’ गाण्यांची यादी ठेवली होती. पुढे ती यादी कालबाह्य झाली, तरी वाहिन्यांतील माणसे काही गाणी ‘बंदी असलेली’ म्हणूनच बाजूला ठेवत राहिली. माहितीपटकार तात्सुया मोरी यांनी १९९९ मध्ये या गाण्यांवरील बंदीचा उगम शोधायला घेतला. एकेक दार ठोठावत गेल्यावर हाती आले ते असे की बंदी घालणारा कोणी नव्हताच. जो तो दुसऱ्या कोणीतरी ती घातली आहे असे धरून चालला होता.

‘त्सुनामी’चे नेमके हेच झाले. लेखी आदेशाला तारीख असते, सही असते, त्याविरुद्ध दाद मागता येते आणि कधीतरी तो मागेही घेतला जातो. जो आदेश निघालाच नाही, तो मागे घेणार कोण?

‘पण आपद्ग्रस्तांच्या भावनांचे काय?’ हा आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीर आहे. अडचण एवढीच की हा प्रश्न उच्चारणारे सहसा आपद्ग्रस्त नसतात. २०११ च्या वसंतात तोक्योचे राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी चेरीच्या फुलांखालच्या मेजवान्या टाळाव्यात असे सुचवले. त्यावर आपत्तीची झळ बसलेल्या इवाते प्रांतातील साके गाळणाऱ्यांनी चित्रफीत काढून देशाला उलट विनवणी केली: मेजवान्या करा, आमची साके प्या, तुमच्या संयमाने आमचे धंदे बुडतील. ज्यांच्या नावाने सुतक पाळले जात होते, त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

‘त्सुनामी’बाबतही एका गावाने उत्तर दिले आहे. मियागी प्रांतातील ओनागावा हे सुमारे दहा हजार वस्तीचे मासेमारीचे गाव. लाटेने तिथले आठशेहून अधिक लोक नेले. एप्रिल २०११ मध्ये तिथे ‘ओनागावा साइगाइ एफएम’ हे आपत्कालीन रेडिओ केंद्र सुरू झाले. जवळजवळ पाच वर्षे या केंद्राने आपल्या गावाला बातमी दिली आणि सोबत केली. मार्च २०१६ मध्ये ते बंद झाले. निरोपाच्या प्रक्षेपणात त्याने सर्वांत शेवटी ‘त्सुनामी’ लावले.

एका गावाची निवड साऱ्या किनाऱ्यावर लादता येत नाही, हे खरे. ओनागावातही ते ऐकवले नसलेले कोणी असेलच. त्याने रेडिओ बंद करावा, तो त्याचा हक्क आहे. तोक्योतल्या मोठ्या वाहिन्यांकडे मागणी त्याहून साधी आहे. हे गाणे न लावण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, कोणी घेतला आणि किनाऱ्यावरच्या किती माणसांना विचारून घेतला, एवढे त्यांनी सांगावे.