बायका बोलतात, विचारतो कोण?

‘खेड्यातल्या बायका बोलतच नाहीत, त्याला आम्ही काय करावे?’ अशी डॉक्टरमंडळींची नेहमीची तक्रार. मी हिवरा आश्रमची राहणारी. मला ती मुळीच मान्य नाही. आमच्या बायका निंदायला बसल्या की अंगावरून पांढरे जाण्यापासून नवऱ्याजवळच्या दुखण्यापर्यंत सारे बोलतात. दवाखान्यात सासू शेजारी, दार उघडे, डॉक्टरांची मान कागदात. तेथे कोण बोलेल?

डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले : शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोग वा लैंगिक रोग, त्याआधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ! मग मुकी कोण, रोगी की वैद्यक?

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वैद्यांनी बोलायचे ते गणिताच्या प्राध्यापकाला बोलावे लागले!

२०१९ पासून वैद्यकाच्या अभ्यासक्रमात संवादाचे धडे आले, हे बरे झाले. पण गोड बोलणे म्हणजे संवाद नव्हे. बुलढाण्यात २०२४ साली शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथल्या प्रत्येक मुलामुलीची परीक्षा घ्या : सासूला बाहेर बसवणे, दार लोटणे, ‘संबंधाच्या वेळी दुखते का?’ हे बाईच्या बोलीत विचारणे आणि उत्तर येईस्तोवर गप्प राहणे. जमले नाही, तर नापास! नाडी न सापडणाऱ्याला आपण पास करतो काय?