मूळव्याध म्हणण्यापूर्वी

भारतात मोफत एआरटी उपचारास १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला, त्या वेळी एचआयव्हीबाधित रुग्णाविषयी वैद्याची सारी चिंता त्याचे प्राण वर्षभर टिकतील की नाही, या एकाच प्रश्नाभोवती फिरत असे. आज तोच रुग्ण नियमित गोळ्या घेऊन पन्नाशी ओलांडतो, मुलांची लग्ने करतो, कपाशीची वेचणी आणि केळीची कापणी स्वतः उभा राहून करवून घेतो, आणि म्हणूनच दीर्घायुष्यासवे येणाऱ्या व्याधींचाही धनी होतो. या व्याधींपैकी जिच्याविषयी रुग्ण लज्जेने आणि आपण संकोचाने मौन पाळतो, त्या गुदद्वाराच्या कर्करोगाचा विषय आम्ही या अंकाच्या अग्रभागी मुद्दाम मांडीत आहोत.

या कर्करोगाच्या बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी एचपीव्ही हाच विषाणू असतो, ज्याचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी असलेला संबंध उघड केल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी देहात त्याचा संसर्ग बहुधा एक-दोन वर्षांत मावळतो. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने एकदा खोलवर खचविली, त्याच्या ठायी तो ठाण मांडून बसतो, आणि पुढे सीडी-४ पेशी वाढल्या तरी त्याने आरंभलेले विघातक कार्य थांबतेच असे नाही. भारतातील दोन शहरांत, पुरुषांशी शरीरसंबंध असणाऱ्या ३०० एचआयव्हीबाधित पुरुषांची तपासणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ९५ टक्क्यांच्या गुदमार्गात एचपीव्ही आढळला. धोका या वर्गाला सर्वाधिक असला, तरी एचआयव्हीबाधित स्त्रियाही त्यातून मुक्त नाहीत, विशेषतः ज्यांना गर्भाशयमुखाचा किंवा योनिमुखाचा कर्करोगपूर्व विकार होऊन गेला आहे त्या. आणि विषाणू लगतच्या भागातूनही पसरत असल्यामुळे, गुदसंभोगाचा इतिहास नाही म्हणून धोका नाही, हा निष्कर्ष शास्त्रसंमत नव्हे.

कर्करोगपूर्व अवस्थेत उपचार केल्याने खरोखर काही साधते काय, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील ‘अँकर’ चाचणीने २०२२ साली दिले. पस्तिशीवरील सुमारे ४,४०० एचआयव्हीबाधित रुग्णांपैकी ज्यांचे उच्च दर्जाचे विकृत ऊतक, बहुतांशी विद्युत्दाहाने, नष्ट करण्यात आले, त्यांच्यात कर्करोगाची ९ प्रकरणे उद्भवली. ज्यांच्यावर केवळ देखरेख ठेवली, त्यांच्यात २१. धोका ५७ टक्क्यांनी घटला. त्या आधारे २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी पुरुषांशी संबंध असणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांची व तृतीयपंथी स्त्रियांची चाळणी-तपासणी ३५ व्या वर्षापासून, आणि इतर एचआयव्हीबाधितांची ४५ व्या वर्षापासून सुरू करण्याची शिफारस केली.

ॲसेटिक ॲसिड लावून सूक्ष्मदर्शी नळीतून गुदमार्ग न्याहाळण्याची जी तपासणी या उपचाराचा पाया आहे, ती जाणणारे हात देशातच विरळ आहेत. नशिराबाद, पारोळा किंवा शिरपूर येथे दवाखाना चालविणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी तिची वाट पाहत स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. जेथे पुढील तपासणीची सोय नाही, तेथे पेशींचे नमुने घेऊन रुग्णाला अधांतरी सोडणे इष्ट नव्हे. परंतु हातमोजा घातलेल्या बोटाने गुदद्वाराच्या कडा आणि आतील भिंती, तसेच जांघा चाचपून पाहण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. कठीण गाठ, न भरणारा व्रण, टिकून राहिलेली वेदना, जांघेतील वाढलेल्या ग्रंथी ही चिन्हे चार मिनिटांच्या या तपासणीत हाती लागतात. तरीही रक्त पडते असे रुग्णाने म्हणताच, न तपासता मूळव्याधीचे मलम लिहून देण्याची हयगय आपल्यात रूढ आहे, आणि बिनऑपरेशन इलाजाच्या भिंतीवरील जाहिरातींना भुललेला रुग्ण आणखी कित्येक महिने गमावतो. लहान गाठ वेळीच सापडली, तर १९७४ साली नॉर्मन निग्रो यांनी दाखविलेल्या किरणोत्सर्ग व औषधांच्या संयुक्त उपचाराने गुदद्वार न काढता रोग बरा होऊ शकतो. विलंबाची किंमत मात्र पुष्कळदा पोटावरील कायमच्या पिशवीने चुकवावी लागते.

साधनांच्या अभावाची सबब आपल्या महाराष्ट्राने एकदा खोटी ठरविली आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने व मुंबईच्या टाटा रुग्णालयाने खेड्यांतील १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारी चाचणी केली, आणि एचपीव्हीच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला दाखवून दिले. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या एकेका शल्यचिकित्सकास गुदमार्गाच्या सूक्ष्म तपासणीचे शिक्षण देण्याची तजवीज करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. गर्भाशयमुख पाहण्याचा कोल्पोस्कोप याही कामी उपयोगी पडतो.

पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक ही लस ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी उपलब्ध आहे, ती एचआयव्हीबाधित तरुणांस अवश्य सुचवावी. मात्र जडलेला संसर्ग ती निपटून काढीत नाही, हेही स्पष्ट सांगावे. विडी-सिगारेट सोडविणे हा याच उपचाराचा भाग समजावा.

राहिला प्रश्न संकोचाचा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे. परंतु दवाखान्यातील पडदा, हलका आवाज आणि निंदारहित प्रश्न या गोष्टी आपणच पुरवावयाच्या असतात. प्रत्येक एचआयव्हीबाधित रुग्णाच्या कागदावर गुदतपासणीचा एक रकाना आखावा, पस्तिशी-पंचेचाळिशीच्या वरील मर्यादांनुसार तो दरवर्षी तारीख घालून भरावा, आणि तक्रार असेल तर वयाची मुदत न पाहता त्याच दिवशी भरावा. एआरटीने वाचविलेला रुग्ण आपल्या हयगयीने गमावणे हा अपराध आहे, आणि तो टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.