उघडता येणारं यंत्र

नवा फोन आला की मी जाडी किती मिलिमीटर, हे नंतर पाहतो. आधी पाहतो ती बॅटरी कशी निघते. या अंकातल्या परीक्षणांतही तोच प्रश्न आम्ही पुढे ठेवला आहे.

२०१४ चा सॅमसंग गॅलक्सी एस५ आठवा. मागचं झाकण नखानं उघडायचं, बॅटरी बदलायची, काम झालं. पुढच्याच वर्षी एस६ आला; काचेचा, देखणा आणि चिकटवून बंद केलेला. लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगगणिक झिजतेच, ते रसायनच तसं. झिजणारा भाग आत कोंडायचा आणि बाकीचा धडधाकट फोन भंगारात काढायचा, हा व्यवहार मला अजिबात पटत नाही.

म्हणूनच २०२१ मध्ये फ्रेमवर्कचा लॅपटॉप आला तेव्हा मी हरखून गेलो. एका स्क्रू-ड्रायव्हरनं तो उघडतो. रॅम, डिस्क, कीबोर्ड बदलता येतात. नवा प्रोसेसर हवा तर फक्त मदरबोर्ड घ्यायचा. ॲमस्टरडॅमची फेअरफोन कंपनी फोनमध्ये हेच करू पाहते. वेगवान चिप पाहून आजही माझे डोळे चमकतात, पण असं यंत्र पाहून जास्त!

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी आता सुटे भाग आणि सर्किटचे नकाशेही खुले करावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिरांच्या हातात कसब आहेच. अडतं ते अस्सल भागांपाशी.