आधी पाणी बघा, मग डेव्हलपर

परवा गंगापुरातल्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आजोबांच्या पेटीत त्याला आग्फा क्लिक थ्री सापडला होता. बडोद्याला बनलेला हा साधा कॅमेरा. पठ्ठ्याने १२०चा कृष्णधवल रोल मागवून बारा फोटो काढलेसुद्धा. "सर, रोल घरीच धुवायचाय. डेव्हलपर कोणता घेऊ?" असं विचारून त्याने तीन-चार महागड्या परदेशी बाटल्यांची नावं सांगितली. मी विचारलं, "तुझ्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आत्ता किती गरम आहे?" त्याला काही सांगता येईना.

माझं रसायनशास्त्र कॉलेजात सुरू झालं नाही, मामाच्या स्टुडिओत झालं. डार्करूम म्हणजे न्हाणीघराला लागून असलेली खोली, खिडकीला दोन पदरी काळं कापड. मामा म्हणायचा, "आधी पाण्यात बोट घाल, मंग पुडा फोड." मी ते एकदाच विसरलो. मे महिना, लग्नाचा रोल आणि मामा बाहेरगावी. पुड्यावरचा वेळ २० अंशांसाठी होता, आमचं पाणी चौतीसच्या आसपास. मी घड्याळ लावून तेवढाच वेळ पुरा केला. निगेटिव्ह निघाली ती काळीठिक्कर आणि कडेला जिलेटिन सुटून सुरकुतलेलं. नवरदेव कुठे आणि मांडव कुठे, कळेना. मामा मला काही बोलला नाही. नवरीच्या वडिलांना तोंड द्यायला मात्र तोच गेला.

म्हणून माझं मत ठाम आहे. डेव्हलपरची निवड बाटलीवरच्या नावापेक्षा आपल्या हवेवर ठरते. रोल धुण्याची पुस्तकं आणि तक्ते थंड देशांत लिहिले गेले. तिथे नळाचं पाणी कोमट करून २० अंशांवर आणतात. आपल्याकडे उलटी कसरत.

१९२७ पासून चालत आलेला डी-७६ उत्तमच आहे. त्यात मेटॉल आणि हायड्रोक्विनोन अशी जोडी असते, सोबत सल्फाइट आणि टाकणखार. यातलं हायड्रोक्विनोन तापमानाच्या बाबतीत फार हळवं. थंडीत हातपाय गाळतं, उन्हाळ्यात अंगात आल्यासारखं करतं. मेटॉल त्या मानाने शांत डोक्याचं. म्हणून गंगापुरात घरी रोल धुणाऱ्याला मी डी-२३ सांगतो. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा नुसखा दोनच जिनसांचा आहे: एका लिटरला मेटॉल साडेसात ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. क्रम चुकला तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. काटा मात्र ग्रॅमचा दशांश दाखवणारा हवा, चहाच्या चमच्याचं हे काम नाही. आणि हातमोजे घालाच. मेटॉलने कातडी फाटते. मामाची बोटं हिवाळ्यात बघवत नसत.

रोडिनलवाले माझ्यावर रागावतील. १८९१ पासूनची त्याची पुण्याई मला मान्य आहे, आणि बाटली वर्षानुवर्षं टिकते हे खरंच. वर्षाला दोन रोल काढणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. पण ३५ मिलिमीटरच्या वेगवान रोलवर तो दाणे इतके ठळक उठवतो, की आजीच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो.

आता पाणी. बोअरचं जड पाणी यात घालू नका, त्यातला चुना रोलवर पांढरे डाग सोडतो. गल्लोगल्ली टेम्पो येतो, त्यातला गार पाण्याचा जार घ्या. तो आरओचा असतो म्हणजे चुन्याची कटकट गेली, आणि गारही असतो. डी-२३ निम्मं पाणी घालून वापरायचं. आता हिशेब करा: मूळ द्रावण पाव लिटर, ३२ अंशांचं, जारचं पाणी पाव लिटर, १६ अंशांचं. मिसळलं की झालं २४. १२०च्या एका रोलला एवढं अर्धा लिटर पुरतं, आणि पातळ केल्यामुळे वेळही लांबतो. ते बरंच असतं. २० च्या वर दर अंशाला वेळ साधारण दहा टक्के कमी करावा लागतो, आणि पाच मिनिटांच्या आत आलात तर आकाशावर पट्टे पडतात. हायपोचं, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाचं, आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही २४च्या जवळच ठेवा. त्यासाठी माठ आहेच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जेवढं पाणी गार करतो तेवढं कोकणात करत नाही, हा एक फायदा तरी मराठवाड्याला मिळालेला आहे.

धुण्यासाठी तास-तासभर नळ सोडून बसू नका. रोल धुण्याच्या छोट्या बंद टाकीत पाणी भरून ती पाच वेळा उलटीपालटी करा, पाणी बदला, मग दहा वेळा, पुन्हा बदला, मग वीस. हार्डनर नसलेल्या हायपोला एवढं पुरतं. टँकरच्या गावाला ते परवडतं.

त्या पोराला मी एवढंच सांगून ठेवलंय, की आजोबांच्या कॅमेऱ्यातला तो रोल आठवडाभर कपाटात राहू दे. आधी दुसरा एक रोल घे, कायगाव-टोक्याच्या पुलावर जाऊन गोदावरीचे फोटो काढ, आणि तो धू. बिघडला तर नदी कुठे जात नाही.